बटणांचा प्लेअर की कपाटातला जुना फोन?

फक्त गाणी ऐकायला काय घ्यावं, हा प्रश्न आमच्या इंदूरकडे बहुधा आजोबांसाठी पडतो.

जेल रोडवर मिळणारा बटणांचा छोटा एमपी-थ्री प्लेअर खिशातल्या खिशात, न बघता चालवता येतो. गोम आहे ती मेमरी कार्डात. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं बहुधा एक्सफॅटमध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) येतात, आणि बरेच स्वस्त प्लेअर फॅट-३२ ही जुनी पद्धतच वाचतात. ३२ जीबीचं घ्या. १२८ केबीपीएसला (म्हणजे एमपी-थ्रीच्या साध्या दर्जाला) मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे सुमारे ५०० तास गाणी. (आजोबांना पुरतील.) बंद करून चालू केल्यावर गाणं तिथूनच पुढे सुरू होतं का, हेही दुकानातच तपासा. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला संथ, लांबलचक विलंबित ख्याल दर वेळी पहिल्यापासून कोण ऐकणार?

जुना फोन फुकटात पडतो, फ्लॅक फाइलीही (दर्जा न घटवता साठवलेली गाणी) वाजवतो. सिम काढून एअरप्लेन मोड लावला की चार्जिंगही बरं टिकतं. पण थकलेली बॅटरी बदलायचा खर्च धरा. शिवाय चष्म्याशिवाय टचस्क्रीन म्हणजे वैतागच.

सकाळी फिरायला जाणाऱ्याला मी प्लेअरच देईन. घरी स्पीकरला जोडून ऐकायचं असेल, तर नवीन काही घेऊच नका.