दोन दिवसांच्या शहरसफरीसाठी: पहाटेचे विमान की रात्रीची रेल्वे?

दोन दिवसांच्या शहरसफरीत पर्यावरणावरचा भार कमी ठेवायचा म्हटले, की चर्चा बहुधा मुक्कामाच्या जागेवर आणि पाण्याच्या बाटलीवरच अडकते. प्रवासाचे साधन मात्र वेळ वाचतो या सबबीवर आधीच ठरून गेलेले असते. पहाटेचे विमान आणि रात्रीची रेल्वे, या दोन्हींनी मी अशा सफरी केल्या आहेत.

विमानाची बाजू अगदीच लंगडी नाही. ज्याला रेल्वेच्या डब्यात झोप लागत नाही, त्याला रात्रीचा बराचसा भाग स्वतःच्या अंथरुणात काढता येणे लहान वाटणार नाही. हिशेब मात्र जड आहे: १ किलो विमान-इंधन जळले की ३ किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि उंची गाठण्यातच पुष्कळ इंधन खर्ची पडत असल्याने लहान पल्ल्याला दर किलोमीटरमागे हा भार वाढतो. रेल्वेची वीज कोळशाची असेल तर तीही निर्दोष नाही. तरी भरलेल्या गाडीत माणशी वाटा सहसा बराच कमी येतो.

माझा निर्णय मात्र या आकड्यांनी नव्हे, टॅक्सीने केला. सहाच्या विमानासाठी चार वाजता विमानतळ गाठायचा होता; त्या वेळी ना मेट्रो सुरू, ना बस. मागच्या आसनावर मी एकटा, मांडीवर एक पाठपिशवी आणि समोर चाळीस किलोमीटरचा सुनसान रस्ता. मला सोडून चालक रिकाम्या गाडीने परतला. (घरून भरून आणलेली बाटली तपासणीपूर्वी ओतून द्यावी लागली, ते वेगळेच.) परतीचे विमान मध्यरात्री उतरले आणि पुन्हा टॅक्सीच करावी लागली.

रेल्वेत सगळे सुखाचे असते, असेही नाही. वरच्या बर्थवर पाय धड पसरत नाहीत, समोरच्याचे घोरणे ऐकावे लागते आणि सकाळी साडेसहाला उतरल्यावर खोली दुपारपर्यंत हाती येत नाही. पण स्थानक बहुधा शहराच्या मध्यवस्तीत असते. सामान ठेवायच्या खोलीत पिशवी टाकून पायीच निघता येते. शिवाय मुक्कामाची एक रात्र, म्हणजे तिथले वातानुकूलन आणि चादरींची धुलाई, आपोआप वाचते.

सोबत वृद्ध माणसे असतील किंवा थेट गाडीच नसेल, तर माझा कौल बाजूला ठेवावा. एरवी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवशीची पहिली मेट्रो किती वाजता सुटते, एवढे जरूर पाहावे.