डीएनए चाचणी आणि पणजीचे माहेर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरी करायच्या डीएनए चाचणीचा अहवाल हाती आल्याला आता बरेच महिने झाले. ही चाचणी करून घेण्याच्या विचारात जे असतील, त्यांना आधीच सांगतो की टक्केवारीच्या रंगीत नकाशासाठी पैसे खर्च करू नका. जुळणाऱ्या नातेवाइकांच्या यादीसाठी मात्र जरूर करा.

नमुना देणे सोपे आहे. अर्धा तास आधी काही खायचे-प्यायचे नाही, नळीत खुणेपर्यंत लाळ भरायची आणि कुरिअरने पाठवायची. प्रयोगशाळा संपूर्ण जनुकसंच वाचत नाही. साधारण सहा-सात लाख ठिकाणे तपासून कंपनी त्यांची तुलना आपल्याकडच्या संदर्भगटांशी, म्हणजे मूळ प्रदेश माहीत असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी करते. माझ्या अहवालात बहुतांश दक्षिण आशिया आणि थोडे टक्के पश्चिम आशिया असे होते. पुढे कंपनीने संदर्भगट बदलले आणि पश्चिम आशियाचा आकडा जवळजवळ निम्मा झाला. लाळ तीच, माणूस तोच. म्हणून या आकड्यावर मी फारसा विसंबत नाही.

खरा उपयोग झाला तो कच्चा डेटा उतरवून ‘जेडमॅच’ (GEDmatch) या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या अहवालांची जुळणी करणाऱ्या संकेतस्थळावर चढवल्यावर. तिथे इस्रायलमधील अश्दोद येथे राहणारे एक गृहस्थ माझ्याशी सुमारे 120 सेंटिमॉर्गन (सामाईक डीएनए मोजायचे एकक; आकडा जितका मोठा तितके नाते जवळचे) जुळले. त्यांचे आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेले आणि ‘कर’ने संपणारे होते. त्यांचे पत्र इंग्रजीत होते, पण शेवटची ओळ रोमन लिपीतल्या मराठीत होती : ‘तुमच्या घरात कुणी अलिबागकडचे होते का?’

माझ्या आजीची आई अलिबागकडची होती आणि तिच्या माहेरी कुणी उरले नव्हते, एवढेच आम्हाला ठाऊक होते. मग आत्यालाही चाचणी करण्याची विनंती केली. प्रत्येक पिढीत वारसा सरासरी निम्मा होत असल्यामुळे पणजीकडून माझ्यात सुमारे साडेबारा टक्के, तर आत्यात पंचवीस टक्के अंश असणार. आणि खरोखरच आत्याचे त्या गृहस्थांशी जुळणे माझ्या जवळपास दुप्पट निघाले. ते गृहस्थ बेने इस्रायली, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठी भाषक ज्यू समाजातले; या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्ने झाल्याने नाते असते त्यापेक्षा जवळचे दिसू शकते, त्यामुळे नेमके नाते आम्ही अजून ठरवलेले नाही. पणजी त्या समाजातली होती, याबद्दल मात्र मला आता शंका नाही.

कारण केवळ आकडे नाहीत. व्हिडिओ कॉलवर ते गृहस्थ मलिद्याविषयी सांगत होते : नवस फेडताना किंवा संकट टळल्यावर भिजवलेल्या पोह्यांत खोबरे, साखर, वेलची घालून, भोवती फळे मांडून, एलियाहू हन्नावी या ज्यू प्रेषिताचे स्मरण करून केलेले ताट. आत्या मध्येच म्हणाली, ‘‘अरे, कुणी दुखण्यातून उठलं की आई अगदी असंच ताट करायची. कुठल्या देवाला, ते कधी सांगितलं नाही.’’ आम्ही ती आमच्या घराची पद्धत समजत होतो. त्यानंतर आत्याच्या इच्छेवरून आम्ही रास्ता पेठेतल्या सिनेगॉगपर्यंत (ज्यूंच्या प्रार्थनास्थळापर्यंत) जाऊन आलो.

आईकडून मुलांत उतरणारा आणि मुलींमार्फतच पुढे जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए पणजीकडून आत्यापर्यंत आला आहे, माझ्यापर्यंत नाही. आत्याच्या अहवालात तो ‘एम’ गटाचा निघाला, जो भारतात सर्वत्र आढळतो. केवळ तेवढे पान वाचले असते तर काहीच हाती लागले नसते. बेने इस्रायली समाजावरील 2016 च्या जनुकीय अभ्यासात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे मोठ्या प्रमाणात आढळले होते आणि भारतीय वाटा प्रामुख्याने स्त्रियांकडून आलेला दिसला, हे वाचल्यावर त्या ‘एम’चा अर्थ लागला.

तक्रार आहे ती कंपनीच्या मदतकक्षाबद्दल : जुळणी कशी वाचावी, या प्रश्नाला छापील उत्तरापलीकडे काही मिळाले नाही. गोपनीयतेचा विचार मात्र स्वतः करावा लागतो. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी याच जेडमॅचवरच्या दूरच्या नातेवाइकांमुळे सापडला. आपला डेटा चढवला की भावंडांचाही काही अंश उघड होतो, म्हणून त्यांना आधी विचारावे. आणि घरात एकच चाचणी परवडणार असेल, तर ती सर्वांत वयस्कर व्यक्तीची, तिच्या पूर्ण संमतीने करावी. माझ्या अहवालात जे पुसट होते ते आत्याच्या अहवालात स्पष्ट दिसले.