लिनक्सवर अपाचे, मारियाडीबी आणि पीएचपी : आठ महिने वापरल्यावर

इन्स्टॉल करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे आधीच सांगते. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) एपीटी या इन्स्टॉलरच्या एका कमांडमध्ये अपाचे (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस), पीएचपी (वेबपानांमागची भाषा) आणि त्यांना जोडणारी मॉड्यूल्स सगळं आलं. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे स्वतःचंच मशीन) टाकलं, अपाचेचं 'इट वर्क्स' उमटलं आणि मला वाटलं, झालं काम. पुढच्या आठ महिन्यांत मी जिथे जिथे अडकले, त्यातल्या बहुतेक ठिकाणी शेवटी एकच प्रश्न निघाला : दार ठोठावणारा नक्की कोण आहे?

पहिला दणका दुसऱ्याच दिवशी. प्रोजेक्टचं फोल्डर माझ्या होममध्ये (युजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) होतं, व्हर्च्युअल होस्ट (साइट कुठल्या फोल्डरमधून दाखवायची हे सांगणारी अपाचेची सेटिंग) तिकडे वळवला आणि समोर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. फोल्डरच्या परवानग्या बघितल्या, ठीक होत्या. आतल्या फाइल्सच्या बघितल्या, त्याही ठीक. नेटवर जो तो ७७७ करा (म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या द्या) म्हणतो, तेही करून पाहिलं (लाज वाटते, पण केलं) आणि तरीही ४०३ जागचं हलेना. शेवटी एरर लॉग उघडला. अपाचेने तिथे स्पष्ट लिहून ठेवलं होतं की वाटेतल्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये शिरायची परवानगीच नाही. मग 'नेमआय' ही छोटीशी कमांड सापडली. तिला 'एल' पर्याय देऊन पूर्ण पाथ दिला की ती मुळापासून एकेक पायरी, तिचा मालक आणि परवानग्या ओळीने मांडते. तिसऱ्या पायरीवर चोर सापडला : माझं होम फोल्डर ७५० वर होतं, म्हणजे मी आणि माझा गट सोडून बाकी कुणालाच आत प्रवेश नाही. उबुंटू २१.०४ पासून नवीन होम असंच बनतं. अपाचे माझ्या नावाने चालत नाही, तो 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या युजरखाली चालतो, आणि त्याच्या लेखी माझं घर बंद होतं. आतल्या खोल्या सताड उघड्या ठेवून काय उपयोग? प्रोजेक्ट होमबाहेरच्या 'एसआरव्ही' फोल्डरखाली हलवला, ७७७ मागे घेतलं, विषय संपला.

डेटाबेसमध्ये तोच खेळ वेगळ्या वेषात. सुडो (कमांड रूटच्या हक्काने चालवणारी सोय) लावून टर्मिनलमधून मारियाडीबीत रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून गेले तर पासवर्ड न विचारता आत. तेच पीएचपी-मायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं टूल) केलं की १६९८ नंबरची एरर, प्रवेश नाही. पासवर्ड चुकला असेल म्हणून तो बदलण्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. खरी गोष्ट अशी की डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमध्ये रूटची ओळख युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना जोडणारी खास फाइल) पटवली जाते. समोरची प्रोसेस लिनक्समधल्या कोणत्या युजरची आहे एवढंच मारियाडीबी बघते. टर्मिनलमध्ये सुडोमुळे मी रूट होते, ब्राउझरमधून गेल्यावर मी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. यावर रूटची ही व्यवस्था मोडायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मोडू नका. प्रत्येक प्रोजेक्टला एक डेटाबेस आणि तेवढ्यापुरते हक्क असलेला एक युजर बनवा. दोन ओळींचं काम आहे.

याच घराण्यातली आणखी एक गंमत : 'लोकलहोस्ट' आणि १२७.०.०.१ हे पीएचपीच्या डेटाबेस जोडणीत एक नव्हेत. पहिलं लिहिलं की जोडणी सॉकेट फाइलमधून होते, दुसरं लिहिलं की टीसीपीने, म्हणजे नेटवर्कच्या वाटेने, ३३०६ पोर्टवरून. 'सॉकेट सापडत नाही' अशी तक्रार आली की मी आधी कॉन्फिगमधला होस्ट बघते.

आता टूल्सबद्दल. पीएचपी-मायअ‍ॅडमिन पहिले दोन महिने आवडीने वापरलं. टेबलं बघायला, एखादी ओळ दुरुस्त करायला छान आहे. पण मोठी एसक्यूएल फाइल (डेटाबेसच्या कमांड्सची) चढवायला गेलं की पीएचपीची मर्यादा आडवी येते. अपलोड मुळात २ एमबीला अडतो आणि पोस्टची मर्यादा ८ एमबी असते. मी पीएचपी डॉट आयएनआय ही पीएचपीची सेटिंगची फाइल बदलली, अपाचे रीस्टार्ट केला, तरी आकडा २ च. कारण फाइली दोन असतात, एक अपाचेची आणि एक कमांड लाइनची, आणि मी दुसरीच बदलत बसले होते. सध्या अ‍ॅडमिनर हे तसंच दुसरं टूल वापरते. एकच पीएचपी फाइल आहे, फोल्डरमध्ये टाकली की सुरू, नको झाली की डिलीट. दिसायला रूक्ष आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मोठी फाइल असेल तर सरळ टर्मिनल. डीबीव्हर हा डेटाबेस हाताळायचा डेस्कटॉप प्रोग्रॅमही चांगला आहे, पण माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो उघडला की बाकीचे प्रोग्रॅम धापा टाकतात.

एक्झॅम्पही (अपाचे, मारियाडीबी, पीएचपीचं एकत्र तयार पॅकेज) आधी थोडे दिवस वापरलं होतं. सगळं 'ऑप्ट' फोल्डरखाली एका जागी, शिकायला बरं. पण सिस्टीमच्या अपडेटबरोबर ते अपडेट होत नाही, म्हणून सोडलं.

अक्षरांचा घोळ मात्र उशिरा कळला. जुन्या डंपमधून (डेटाबेसची फाइलरूपातली प्रत) आलेल्या टेबलांचा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, 'यूटीएफ८' होता. मायएसक्यूएलच्या घराण्यात (मारियाडीबी त्यातूनच निघाली) या जुन्या नावाचा अर्थ एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट. देवनागरीची चिन्हं नेमकी तीन बाइटची, त्यामुळे मराठी मजकूर महिनोन्‌महिने निमूट साठत राहिला. मग एके दिवशी कुणीतरी फॉर्ममध्ये इमोजी टाकला. तो चार बाइटचा, आणि १३६६ नंबरची एरर आली. टेबलं चार बाइट घेणाऱ्या 'यूटीएफ८एमबी४' वर नेल्यावर ती एरर थांबली.

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेले तेव्हा सगळ्यात जास्त घाबरले. पीएचपी ८.१ वरून ८.३ झाली, अपाचेत जुनं मॉड्यूल निघालं आणि नवं चालू झालंच नव्हतं. पान उघडलं तर पीएचपीचा कोड जसाच्या तसा ब्राउझरमध्ये, डेटाबेसच्या पासवर्डसकट! हे लोकल मशीन होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून पासवर्ड वेब फोल्डरच्या बाहेरच्या फाइलमध्ये असतो.

बॅकअपसाठी क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) रोज रात्री डंप काढतं. एकदा तोच डंप जुनी मारियाडीबी असलेल्या मशीनवर चढवायला गेले तर पहिल्याच ओळीला 'अननोन कमांड'. मे २०२४ पासूनच्या मारियाडीबीचा डंप सुरुवातीला सँडबॉक्स मोडची एक ओळ घालतो, आणि जुन्या क्लायंटला ती कळत नाही. ती ओळ 'टेल' कमांडने कापली, बाकीचं सुरळीत चढलं. आता महिन्यातून एकदा डंप रिकाम्या डेटाबेसवर चढवून बघते. गेल्या महिन्यात तो अर्धवट निघाला : डिस्क भरली होती आणि क्रॉनची मेल मी उघडलीच नव्हती.