राखेसाठी सिलोमीटर की पोलरायझेशन लायडार?

नोव्हेंबर 2025 मध्ये इथिओपियाच्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख गुजरात-राजस्थानवरून दिल्लीपर्यंत पोचली. तेव्हापासून ‘राख ओळखायला आपल्या विभागात कोणतं उपकरण घ्यावं?’ असं बरेच जण विचारतात. सोलापुरात ही निवड मी केली आहे, म्हणून लिहितो.

सिलोमीटर म्हणजे आकाशात लेझर सोडून परतलेल्या प्रकाशावरून ढगांची उंची मोजणारं उपकरण. स्वस्त आणि चोवीस तास चालणारा. ढगाचा तळ, जमिनीलगतचा धुळीचा थर तो छान दाखवतो. आपल्यासारख्या पर्जन्यछायेच्या भागात तेवढ्यानेही पुष्कळ शिकता येतं. 910 नॅनोमीटरच्या आसपास लेझरची तरंगलांबी असलेला घेतलात तर पावसाळ्यात हवेतली वाफ सिग्नल खाते, 1064 मध्ये तो त्रास जवळजवळ नाही.

माझं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. एप्रिलच्या भर दुपारी पडद्यावर चार-साडेचार किलोमीटरवर एक फिकट पट्टा उमटला. धूळ, धुरकं, की विरळ ढग? किती प्रकाश परत आला ते साधा सिलोमीटर सांगतो. कशावरून परतला, ते नाही. विभागातली पोरं विचारत होती आणि माझ्याकडे नुसते तर्क होते. असे पट्टे उन्हाळाभर येत राहिले. राखेच्या बाबतीत तर हाच प्रश्न मुळाशी असतो, कारण ज्वालामुखीतून राखही येते आणि गंधकाम्लाचे थेंब बनवणारा वायूही. विमानाच्या इंजिनात वितळून चिकटते ती राख.

पोलरायझेशन लायडार इथे कामाला येतो. तोही लेझरच सोडतो, पण परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, तेही तपासतो. गोल थेंबावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण जवळपास तसंच राहतं. राखेचे कण म्हणजे काचेच्या वेड्यावाकड्या कपच्या. त्या ते विस्कटून टाकतात. 532 नॅनोमीटरवर डीपोलरायझेशन रेशो, म्हणजे आडव्या दिशेत वळलेल्या प्रकाशाचं मूळ दिशेतल्या प्रकाशाशी प्रमाण, 0.35 च्या आसपास जातो. अर्थात वाळवंटी धूळही 0.3 पर्यंत जाते, त्यामुळे वारा कुठून आला ते पाहावंच लागतं. उंचावरचे बर्फकणही फसवू शकतात.

हवेत राख किती, हा मिलिग्रॅममधला आकडा दोन्ही उपकरणांत जपूनच वाचावा. 2010 च्या आइसलँडच्या उद्रेकात युरोपने विमानांसाठी घनमीटरला 2 आणि 4 मिलिग्रॅम राखेच्या मर्यादा लावल्या, पण लायडारवरून वस्तुमान काढताना कणांचा आकार आणि घनता गृहीत धरावी लागते. मिश्र थरातला राखेचा वाटा मात्र पोलरायझेशनमुळेच वेगळा काढता येतो.

या लायडारची किंमत बरीच जास्त, आणि दोन्ही दिशांचा प्रकाश मोजणारे चॅनेल एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी 45 अंशांचं कॅलिब्रेशन नियमित करावं लागतं. विमानतळासाठी फक्त ढग हवे असतील तर सिलोमीटरच घ्या. राख डोक्यात असेल तर, माझ्या मते, थोडं थांबून पैसे जमवलेले बरे. निविदेत दोन्ही चॅनेलचा कच्चा सिग्नल मिळेल, अशी अट घालायला विसरू नका.