आयमर्गचा पाऊस: अर्ली, लेट की फायनल?

पावसाचा उपग्रही डेटा हवा असला की 'नासा'चा आयमर्ग आधी आठवतो. फुकट आहे, दर अर्ध्या तासाचा आहे, ०.१ अंशाच्या, म्हणजे साधारण ११ किलोमीटरच्या ग्रिडवर आहे. फक्त तो तीन रूपांत येतो. निरीक्षणानंतर अर्ली सुमारे ४ तासांनी, लेट १२ ते १४ तासांनी आणि फायनल साडेतीन महिन्यांनी.

उशिराचं कारण समजलं की निवड सोपी होते. पाऊस नीट मोजणारे मायक्रोवेव्ह सेन्सर एकाच जागेवरून सतत जात नाहीत. दोन फेऱ्यांमधली पोकळी ढगांच्या हालचालीवरून भरावी लागते. अर्लीकडे फक्त मागची फेरी असते, म्हणून तो पाऊस पुढे ढकलत नेतो. लेट पुढच्या फेरीची वाट बघतो आणि दोन्ही बाजूंनी जुळवतो. फायनलमध्ये जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींनी दुरुस्ती होते, म्हणून ते महिने.

घाटात दरडीचा इशारा द्यायचा असेल तर अर्लीसुद्धा उशिराच. तिथे रडार आणि इन्सॅट बघा, किंवा 'जाक्सा' या जपानी अवकाश संस्थेचा ताज्या पावसाचा उपग्रही नकाशा, जीएसमॅप-नाऊ. पीक, पाणीसाठा, आठवड्याचा आढावा यासाठी लेट. माझं मत विचाराल तर बहुतेकांना हाच पुरतो. वीस वर्षांचा कल काढायचा तर फक्त फायनल. मालिकेचं शेपूट पूर्ण करायला अर्लीचे महिने चिकटवणारे भेटतात. तसं केलं की दुरुस्तीतला फरक हवामानातला बदल म्हणून आलेखात दिसतो. आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस उपग्रहाला कमीच दिसतो, तेव्हा कोयनेच्या पाणलोटात तिन्हींपैकी काहीही पर्जन्यमापकाशी ताडल्याशिवाय वापरू नका.

हे ४ आणि १४ तास झाले सर्वसाधारण. तुमच्यापर्यंत फाईल कधी पोचते ते स्वतःच मोजा. फाईलच्या नावात निरीक्षणाची सुरुवात आणि शेवट असतो. तो शेवट आणि फाईल तुमच्याकडे उतरल्याची वेळ, यातला फरक रोज आपोआप लिहून ठेवणारी चार ओळींची स्क्रिप्ट पुरे. पावसाळाभर नोंद झाली की सरासरी बघू नका, सगळ्यात उशिरा आलेल्या फायली बघा. काम अडतं ते त्या दिवशी.

एक ठेच मात्र हमखास लागते. नावातली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक प्रमाणवेळ असते. आयमर्गचा तयार दैनिक आकडा आपल्या पहाटे ५:३० ला संपतो, हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला. दोन्ही सरळ शेजारी ठेवले तर तीन तासांचा पाऊस भलत्याच तारखेला जातो. म्हणून ०३ ते ०३ यूटीसीच्या ४८ फायली स्वतः जोडा. त्यातली शेवटची फाईल अर्लीत दुपारी साडेबाराच्या सुमारास मिळते, लेटमध्ये रात्री साडेदहापर्यंत. तुमचं बुलेटिन दुपारी तीनला निघत असेल तर अर्लीला पर्याय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निघत असेल तर अर्लीकडे वळायचं कारणच नाही.