वेदीच्या कापडांचा संच: पुणे कॅम्पातल्या एका दुकानातला

कॅथलिक चर्चमधल्या मिस्सेसाठीच्या या संचात कॉर्पोरल (वेदीवर पवित्र भाकरी आणि चॅलिसखाली, म्हणजे द्राक्षारसाच्या प्याल्याखाली, पसरायचं चौकोनी कापड), प्युरिफिकेटर (चॅलिस पुसायचं कापड), पाल (चॅलिसवरचं झाकण-कापड) आणि हात पुसायचा टॉवेल येतो. कॉर्पोरल उत्तम आहे: शुद्ध लिनन, कडा हाताने दुमडलेल्या, छोटा सपाट क्रूस मधे नाही तर पुढच्या कडेजवळ. हे फार महत्त्वाचं. मधोमध उठावदार भरतकाम असलं की पवित्र भाकरीचे, म्हणजे श्रद्धेनुसार ख्रिस्तशरीराचे, कण टाक्यांत अडकतात आणि चॅलिसही डुगडुगतं.

कॉर्पोरलची घडी तीन बाय तीन, नऊ चौकोनांची, आणि आतल्या बाजूला. उघडताना आधी डावी-उजवी बाजू, मग वरची, शेवटी खालची. बंद करताना याच्या बरोबर उलट, म्हणजे राहिलेले कण आतच राहतात. ख्रिस्तशरीराबद्दलची श्रद्धा इथे बोटांनी पाळली जाते. सगळं व्यवस्थित आणि क्रमाने व्हावं, असं संत पौलाने करिंथकरांना लिहिलं ते अशाच कामांतून दिसतं.

प्युरिफिकेटर मात्र घेऊ नका. कापडात पॉलिएस्टर आहे, द्राक्षारस टिपला न जाता नुसता पसरतो. शिवाय खळ इतकी कडक, की आधी दोनदा धुवावं लागतं.

वापरलेली कापडं थेट मशीनमध्ये टाकू नयेत. पहिलं पाणी हाताने काढून साक्रारियममध्ये (चर्चमधलं थेट जमिनीत पाणी सोडणारं खास कुंड) किंवा योग्य जागी मातीत ओतायचं, गटारात नाही. 2004 च्या रोमच्या, म्हणजे व्हॅटिकनच्या, सूचनेतही हेच आहे. मग नेहमीसारखं धुवा आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. कॉर्पोरल सुटं मिळतं, तेवढंच घ्या.