स्टर्नचा हिशेब की योनासची जबाबदारी?

हवामानबदलाच्या नीतीवर टिपण लिहायचं असेल, तर युरोपातल्या दोन परंपरांपैकी कुणाचा हात धरायचा? एक ब्रिटिश उपयुक्ततावादाची, म्हणजे कृतीचं मोल तिच्या एकूण फायद्या-तोट्यावरून ठरवणारी: बेंथम, मिल, पिगू हे विचारवंत आणि अर्थशास्त्रज्ञ निकोलस स्टर्नचा, हवामानबदलाचा खर्च मोजणारा २००६चा स्टर्न अहवाल. दुसरी जर्मन: तत्त्वज्ञ हान्स योनासने १९७९मध्ये मांडलेली भावी पिढ्यांविषयीच्या जबाबदारीची नीती.

कामाला स्टर्न सोपा. कार्बनवर कर किती, असं विचारलं की आकडा मिळतो. योनास तिथे गप्प.

मला खटकतो तो वटाव दर, म्हणजे उद्याच्या नुकसानीची आजची किंमत काढताना दरवर्षी धरायची घट. कुठलाही अहवाल हाती आला की आधी तोच शोधावा. त्याचे दोन तुकडे असतात: निव्वळ 'नंतरचं' म्हणून केलेली घट, आणि पुढची माणसं अधिक श्रीमंत असतील म्हणून केलेली. स्टर्नने ०.१ आणि १.३ धरून १.४ टक्के काढले. शंभर वर्षांनंतरचं १०० रुपयांचं नुकसान या दराने आज २५ रुपये भरतं. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउससारख्या टीकाकारांना हा दर फारच कमी वाटला. साडेपाच टक्के लावून बघा: ४७ पैसे! विज्ञान तेच, पण 'उत्सर्जन आत्ताच कापा'चं 'हळूहळू कापा' होतं. वटाव दरातला पहिला तुकडा, म्हणजे निव्वळ 'नंतरचं' म्हणून केलेली घट, नैतिकदृष्ट्या असमर्थनीय, असं केंब्रिजच्याच रॅम्झी या गणिती-अर्थशास्त्रज्ञाने १९२८मध्ये बजावलं होतं.

योनासकडे ही घासाघीस नाही. मानवजातीचं अस्तित्व पणाला लावायचा अधिकार कुणालाच नाही. शुभ-अशुभ भाकितांत अशुभाचं आधी ऐकायचं. जर्मन घटना न्यायालयाचा २०२१चा निकाल योनासवर नव्हे, तर घटनेच्या कलम २०अवर (भावी पिढ्यांसाठी निसर्गाचं रक्षण) उभा आहे, पण वळण तेच: उत्सर्जन-कपातीचा भार २०३०नंतरच्यांवर ढकलता येणार नाही. त्यानंतर २०३०चं लक्ष्य ५५वरून ६५ टक्क्यांवर गेलं.

अडचण येते ती दोन भीती समोरासमोर आल्या की. एप्रिल २०२३मध्ये जर्मनीने शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, कोळसा मात्र जळत राहिला. अणूला जास्त भ्यायचं की कोळशाला, याचं माप योनास देत नाही.

तरी, माझ्यापुरतं तरी, आधी योनासकडून मर्यादा घ्यावी, मग त्या मर्यादेत स्वस्तात स्वस्त मार्ग कोणता हे स्टर्नच्या पद्धतीने काढावं. खुद्द ब्रिटिश सरकारही २००९पासून धोरणं तपासताना कार्बनची किंमत नुकसानीवरून नव्हे, तर ठरलेल्या कपातीच्या लक्ष्यावरून काढतं.